आगीनंतर पोलादावर भरवसा किती ठेवायचा? ते कसं घडवलंय ते आधी पाहा

मोठी आग विझून राख थंड झाली की लोखंडी शेडमध्ये एक चित्र हमखास दिसतं. छताचे पातळ पर्लिन (पत्रे पेलणारे आडवे) पिळवटून लोंबत असतात, पत्रे चुरगळलेले असतात, आणि त्यांच्याच खाली मुख्य गर्डर काजळीने काळे पडलेले, पण सुतात सरळ. खांबही ओळंब्यात. पिळवटलेलं काढून टाकायचं यावर कोणाचं दुमत नसतं. वाद असतो तो सरळ राहिलेल्या भागांबद्दल.

यावर बांधकामातला जुना ठोकताळा असा: आगीनंतर जे सरळ राहिलं ते वापरायला हरकत नाही. ठोकताळा बरोबर आहे, पण तो गरम रोलिंग करून बनवलेल्या साध्या पोलादापुरता. त्याच गर्डरच्या टोकाला बसवलेला हाय-टेन्साइल (जास्त ताकदीचा) बोल्ट, शेजारची थंड वाकवलेली चौकोनी नळी किंवा जास्त ताकदीची खास प्लेट यांना तो लावला तर फसगत होते. हे तिन्ही दिसायला सरळ राहतात आणि आतून ताकद गमावून बसलेले असू शकतात. म्हणून आगीनंतर ‘किती तापलं?’ हे विचारण्याआधी ‘याला ताकद कशी दिली होती?’ हे विचारावं लागतं.

आगीतली ताकद आणि आगीनंतरची ताकद

या दोन गोष्टींची फार गल्लत होते. आग चालू असताना पोलाद मऊ पडतं, ते तात्पुरतं असतं. युरोपीय मानकातले आकडे पाहा. ४०० अंश सेल्सिअसपर्यंत साध्या पोलादाची भार पेलण्याची ताकद जवळपास पूर्ण धरली जाते. ५०० अंशांना ती ७८ टक्के उरते, ६०० ला ४७, ७०० ला २३ आणि ८०० ला फक्त ११ टक्के. चाचणीसाठी जी प्रमाणित आग धरतात तिच्यात अर्ध्या तासात भट्टीतली हवा ८४० अंशांच्या पुढे जाते. संरक्षक लेप नसलेलं पोलाद तिच्या मागोमाग तापत जातं.

थंड झाल्यावरची ताकद हा वेगळा हिशेब. गरम रोलिंगचं साधं पोलाद ६०० अंशांपर्यंत तापून हवेत सावकाश निवलं, तर त्याची जवळजवळ सगळी ताकद परत येते. त्यापुढे तापलं तरी साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच घट धरावी लागते. कडकपणा, म्हणजे भाराखाली किती वाकणार ते ठरवणारा गुण, तर जवळपास पूर्ववत होतो.

‘सरळ ते चांगलं’ हा ठोकताळा या दोन हिशेबांच्या जोडीतूनच आला आहे. एखादा गर्डर आपल्या ताकदीच्या निम्मा भार वाहत असेल आणि तो ६०० अंशांना पोचला, तर उरलेली ४७ टक्के ताकद त्याला पुरत नाही. तो तिथेच झोल खाणार. झोल नाही, याचा अर्थ बहुधा तो तेवढा तापलाच नाही. मात्र यात भार गृहीत धरलेला आहे. ज्याच्यावर भारच नव्हता असा ब्रेसिंगचा (तिरक्या आधाराचा) अँगल ७०० अंश पाहूनही सरळ राहू शकतो. तेव्हा सरळपणा बघताना तो भाग आगीच्या वेळी काही पेलत होता का, हे आधी नोंदवायचं.

एक तार घ्या

पोलादाला ताकद देण्याचे मार्ग थोडेच आहेत, आणि त्यातला एक हातात धरून बघता येतो. लोखंडाची मऊ बांधणीची तार एकाच जागी तीनचार वेळा वाकवून सरळ करा. ती जागा हाताला टणक लागायला लागते. वाकवताना आतल्या स्फटिकांच्या थरांमध्ये सरकण्याचे दोष वाढत जातात, ते एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड करतात. आता तीच जागा गॅसच्या ज्योतीत लालबुंद करून हवेत निवू द्या. तार पुन्हा मऊ. उष्णतेने अणूंना हलायला वाव मिळाला, गुंता सुटला, नवे सुटसुटीत कण तयार झाले. थंडीतच वाकवून मिळवलेली ताकद ज्योतीने एका मिनिटात काढून घेतली.

दुसरा मार्ग लोहाराचा. विळा किंवा कुऱ्हाड लाल करून तो तिला पाणी पाजतो, त्यामुळे धार कमालीची कठीण पण ठिसूळ होते. मग ती थोडी परत तापवून ठिसूळपणा उतरवतो. कारखान्यात हेच काम मोजूनमापून होतं. इथे नियम साधा आहे: दुसऱ्यांदा ज्या तापमानाला तापवून गुण बेतला, त्या तापमानाच्या वर आग गेली की तो गुण उतरायला लागतो.

तिसरा मार्ग गरम रोलिंगचा. सुमारे १२०० अंशांना तापवलेला ठोकळा रोलरमधून काढत काढत ९०० अंशांच्या आसपास शेवटचा आकार देतात आणि हवेत निवू देतात. याची घडण उष्णतेतून सावकाश बाहेर येतानाच झालेली असते. आगीत तापून हवेत निवणं ही त्याच वाटेवरची दुसरी फेरी, म्हणून ते फारसं बिघडत नाही. तासन्‌तास ९०० अंशांच्या वर राहिलं तर कण मोठे होतात आणि ताकदीबरोबर आघात सोसण्याची क्षमताही घटते. पण तेवढं तापलेला भारवाहू भाग सहसा सरळ राहिलेला नसतो.

गरम रोलिंगमध्येही दोन जाती

साध्या २५० मेगापास्कलच्या (हे ताकद मोजायचं एकक) चॅनेल-अँगलबद्दल वर सांगितलं ते निश्चिंतपणे लावता येतं. ३५० च्या वरच्या वर्गात मात्र जरा थांबावं. तिथे बरेचदा निओबियम किंवा व्हॅनेडियम अगदी चिमूटभर घातलेलं असतं आणि रोलिंगचं तापमान काटेकोर सांभाळून कण बारीक केलेले असतात. असं नियंत्रित रोलिंगचं पोलाद ६०० अंशांच्या पुढे गेलं की त्याची घट साध्या पोलादापेक्षा जास्त असते, कारण बारीक कणांची ती रचना रोलिंग मिलमधल्या नेमक्या क्रमाने जमलेली असते आणि आगीत तो क्रम पुन्हा घडत नाही. फॅब्रिकेशनमध्येसुद्धा असं पोलाद ५८० अंशांच्या वर तापवून वाकवू नये असं सांगतात, ते याचसाठी. रोलिंगनंतर वेगळं तापवून हवेत निववलेलं, म्हणजे नॉर्मलाइज केलेलं पोलाद याहून सोशिक असतं. दोन्हींचा वर्ग एकच लिहिलेला असू शकतो. फरक कळतो तो मिलच्या प्रमाणपत्रावर, पुरवठ्याची स्थिती लिहिलेल्या रकान्यात.

थंड वाकवलेले सेक्शन

झेड आणि सी आकाराचे पर्लिन, डेकचे पत्रे, भिंतींचे हलके सांगाडे हे सगळे पातळ पट्टीपासून थंडीतच वाकवून बनतात. पट्टीच मुळात थंड रोलिंगने टणक केलेली असेल, तर ५५० मेगापास्कलपर्यंतची ताकद बरीचशी त्या गुंत्यातूनच आलेली असते. ३००-४०० अंशांपर्यंत विशेष काही होत नाही. ५०० च्या आसपास गुंता सुटू लागतो. ७०० च्या पुढे गेलेला सर्वांत टणक वर्गाचा पत्रा थंड झाल्यावर आपली निम्म्यापर्यंत ताकद हरवून बसू शकतो. २५० ते ३०० मेगापास्कलच्या मऊ वर्गात गमावण्यासारखंच कमी असतं, त्यामुळे तिथली घट लहान.

पातळपणा हे यांचं दुसरं दुखणं. दोन मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्यात साधारण १५.७ किलो पोलाद असतं आणि आग त्याला दोन्ही बाजूंनी तापवते. २० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये तेवढ्याच पृष्ठभागामागे १५७ किलो पोलाद असतं. उष्णता सारखीच शिरली तरी पत्रा दसपट वेगाने तापतो. म्हणून एकाच आगीत शेजारशेजारी असूनही पर्लिन ७०० अंशांना आणि गर्डर ४०० ला असं सहज होतं. आगीच्या टप्प्यात आलेले पर्लिन आणि डेक तपासत बसण्यापेक्षा बदलणंच बहुतेक वेळा स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

खरी अडचण चौकोनी नळ्यांची. त्या दोन प्रकारे बनतात: पट्टी थंडीत वळवून शिवण वेल्ड केलेल्या, किंवा शेवटचा आकार लाल गरम असताना दिलेल्या. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कोपऱ्यात असतो. गरम घडवलेल्या नळीचा बाहेरचा कोपरा आखूड गोलाईचा, सहसा भिंतीच्या जाडीच्या दुपटीच्या आत. थंड वळवलेल्या जाड नळीची गोलाई मोठी, दहा मिलिमीटरच्या वरच्या जाडीत अडीच ते साडेतीन पटींपर्यंत. थंड नळीची जास्तीची ताकद याच कोपऱ्यांत साठलेली असते, आणि आगीनंतर ती कोपऱ्यांतूनच जाते. गोलाईच्या मापाचा गेज खिशात असेल तर हा निकाल जागेवर लागतो. फक्त पातळ नळ्यांमध्ये दोन्हींचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात, तिथे प्रमाणपत्रच बघावं.

पाणी पाजलेल्या प्लेट, केबल आणि सळया

६९० मेगापास्कलच्या प्लेट पाणी पाजून, मग साधारण ६०० अंशांच्या आसपास परत तापवून बनतात. आग त्याच्या आत राहिली तर त्या शाबूत. ८००-९०० पर्यंत गेली आणि सावकाश निवली, तर त्यांची यील्डची (कायमचं वाकायला लागण्याआधीची) ताकद मूळच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकते, म्हणजे महागड्या प्लेटच्या जागी साधी प्लेट उरते. नकाशावरचा वर्ग पाहून हिशेब करणाऱ्याला हे कळायचा मार्ग नसतो.

प्रीस्ट्रेसच्या, म्हणजे काँक्रीटला आधीच दाबून धरणाऱ्या केबलमधल्या तारा थंड ओढून १८६० मेगापास्कलपर्यंत नेलेल्या असतात, आणि ४०० अंशांच्या पुढे त्यांची कायमची घट सुरू होते. टीएमटी सळईत बाहेरचं कडं पाण्याच्या फवाऱ्याने कठीण केलेलं असतं आणि आतल्या गाभ्याच्या उष्णतेने ते परत उतरवलेलं असतं. आग त्या उष्णतेच्या वर गेली की कड्याचा गुण जातो, गाभा मात्र होता तसाच राहतो. स्टेनलेस स्टीलची ताकद चांगली टिकते, पण साध्या ३०४ वर्गात ४५० ते ८५० अंशांदरम्यान रेंगाळल्याने गंजरोध बिघडतो.

बोल्ट

आगीनंतरच्या पाहणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते बोल्टकडे, आणि सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तोही बोल्टलाच. ८.८ आणि १०.९ वर्गाचे बोल्ट पाणी पाजून परत तापवलेले असतात. या दुसऱ्या तापवणीची मानकातली किमान मर्यादा ४२५ अंश आहे. म्हणजे जो गर्डर ५५० अंशांना जाऊन पूर्ण बरा होतो, त्याच जोडातला बोल्ट कायमचा मऊ झालेला असू शकतो. गर्डर सरळ, जोड जागच्या जागी, रंगाचा थर थोडा फुगलेला, आणि बोल्ट मात्र आपल्या वर्गाचा उरलेला नाही.

त्यात घट्ट आवळून घर्षणावर काम करणारे बोल्ट असतील, तर ४०० अंशांच्या आधीच त्यांचा ताण सैल पडतो. निवल्यावर तो परत येत नाही. पान्याने घट्ट लागतोय यावरून ताण आहे असं समजू नये. गंज, काजळी आणि वितळलेला रंगसुद्धा नट घट्ट धरून ठेवतात.

जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टवर एक खूण फुकट मिळते. जस्त ४२० अंशांना वितळतं. मुलामा ओघळून थेंब झालेला किंवा भुरा, खडबडीत झालेला दिसला तर बोल्टने दुसऱ्या तापवणीची किमान मर्यादा गाठली असं धरायचं आणि तो बदलायचा. मुलामा नसेल तर कठीणपणा मोजायचा. प्रत्येक बाधित जोडातून किमान दोन बोल्ट काढावेत, डोक्यावरची पपडी घासून सपाट जागा करावी आणि विकर्स आकडा (कठीणपणाचं एक माप) घ्यावा. ८.८ साठी तो २५० च्या खाली आणि १०.९ साठी ३२० च्या खाली गेला तर तो जोड नापास. काढलेला बोल्ट पुन्हा बसवायचा नाही, चाचणीत पास झाला तरी नाही.

निवताना होणारं नुकसान

बरेच जोड आग ओसरल्यावर, निवताना तुटतात. दहा मीटरचा गर्डर ६०० अंशांना ८० ते ८५ मिलिमीटर लांब होऊ पाहतो. दोन्ही टोकांना खांब असल्याने त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो गरम असतानाच दाबला जाऊन आखूड होतो आणि आधाराजवळ खालच्या पट्ट्याला सुरकुती पडते. मग निवताना तो मूळ लांबीपेक्षाही आखूड व्हायला बघतो आणि दोन्ही टोकांचे जोड ओढतो. ब्रिटनमध्ये कार्डिंग्टन इथे १९९५-९६ मध्ये आठ मजली पोलादी इमारत उभारून तिच्यात आगी लावून चाचण्या केल्या, तेव्हा टोकाच्या प्लेट वेल्डच्या कडेने एका बाजूला फाटलेल्या आणि काही जोडांतले बोल्ट कातरलेले आढळले. दुसरी बाजू शाबूत राहिल्याने गर्डर पडला नाही.

म्हणून टोकाच्या वेल्डची काजळी आणि रंग पूर्ण साफ करून बारीक तडे दाखवणारी डाय पेनिट्रंट किंवा मॅग्नेटिक चाचणी करावी. वेल्डिंगच्या वेळी अडकून राहिलेला अंतर्गत ताण आगीच्या उष्णतेने उलट कमी होतो. वेल्डचं भय ताकदीपेक्षा या ओढीतून पडलेल्या तड्यांचं असतं. नळाच्या फवाऱ्याने एकदम निवलेले भागही वेगळे नोंदवावेत. ७३० अंशांच्या वर असताना पाणी पडलं तर तिथे कठीण, ठिसूळ डाग तयार होतो. कठीणपणाचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून खूश होऊ नये. विकर्स ३५० च्या वर गेला तर तो भाग तड्यांच्या दृष्टीने संशयित.

किती तापलं ते कसं ओळखायचं

साक्षीदार आजूबाजूलाच पडलेले असतात, फक्त साफसफाईच्या आधी जायला हवं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला, ॲल्युमिनियम ६६० ला, तांबं १०८५ ला. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट ओघळलेली आणि तांब्याची वायर अख्खी असेल, तर तिथली हवा या दोन आकड्यांच्या मध्ये होती. काँक्रीट साधारण ३०० अंशांच्या पुढे गुलाबी छटा धरतं. पोलादावरून जाड काळी पपडी सुटत असेल तर तो भाग ६०० च्या पुढे गेल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक खुणेचा फोटो खांबाच्या क्रमांकासह काढावा. ढिगाऱ्यातून उचलून टेबलावर ठेवलेल्या तुकड्याला काही अर्थ उरत नाही.

कठीणपणाच्या मोजणीत दोन चुका वारंवार होतात. पहिली, वरच्या थरावरच मोजणं. आगीत पृष्ठभागातला कार्बन जळून गेलेला असतो, त्यामुळे किमान अर्धा मिलिमीटर घासल्याशिवाय आकडा खोटा, आणि घासताना ग्राइंडरने निळा डाग पाडला तर पुन्हा खोटा. दुसरी, चेंडू उसळवून मोजणारं लीब यंत्र पातळ भागावर वापरणं. ते २५ मिलिमीटरच्या खालच्या, मागे आधार नसलेल्या भागावर कमी आकडा दाखवू शकतं. त्याच सेक्शनचा आगीपासून दूरचा भाग मोजून तुलना केली तर ही चूक आटोक्यात येते. ब्रिनेल आकड्याला (कठीणपणाचं आणखी एक माप) सुमारे ३.४ ने गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते: १२५ ला साधारण ४२५. हा अंदाज चाळणीपुरता आहे, डिझाइनपुरता नाही.

डिझाइनसाठी नमुना कापून ताणून बघावाच लागतो. तो गॅसने कापू नये, करवतीने किंवा पाणी सोडत ड्रिलने काढावा, नाहीतर आगीचा परिणाम मोजायला निघून आपण ज्योतीचाच परिणाम मोजतो. जागा कमी ताणाची निवडावी.

वाकलेला गर्डर तापवून सरळ करायचा असेल तर तिथेही घडणीचाच नियम लागतो. साध्या पोलादाला ६५० अंशांची मर्यादा, पाणी पाजलेल्याला सुमारे ५९०. ती ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने तपासायची, रंगावरून नाही. सरळ केल्यावर पाणी मारून निववायचं नाही. थंड वळवलेली नळी मुळीच तापवू नये.

लंडनच्या ब्रॉडगेटमध्ये जून १९९० मध्ये बांधकाम चालू असलेल्या १४ मजली इमारतीला आग लागली, तेव्हा पोलादावरचं संरक्षण अजून पूर्ण झालेलं नव्हतं. हलके खांब दबून सुमारे १०० मिलिमीटर आखूड झाले, त्यांच्या शेजारचे जाड खांब जवळपास जसेच्या तसे राहिले आणि इमारत कोसळली नाही. पोलादाने किती उष्णता पाहिली हे ठरवताना तपासणाऱ्यांनी बोल्टची धातुरचनाही पाहिली. बोल्टची स्मृती गर्डरपेक्षा चांगली असते, कारण त्याच्यावर झालेला बदल पुसला जात नाही.

कागदपत्रं हरवली असतील आणि पोलादाची जातच माहीत नसेल, तर दोन नमुने कापावेत: एक आग पोचली नाही अशा टोकाकडून, एक सर्वांत तापलेल्या जागेजवळून. दोन्हींची ताणचाचणी आणि रासायनिक तपासणी करावी. रसायन जुळलं आणि ताकदही जुळली, तर तो भाग ठेवावा. रसायन जुळलं पण तापलेला नमुना दहा टक्क्यांहून जास्त खाली आला, तर ती थंड वाकवून किंवा पाणी पाजून मिळवलेली उसनी ताकद होती असं समजून त्या जातीचे सगळे तापलेले भाग नव्या आकड्यावर पुन्हा तपासावेत. आणि बोल्ट बदलताना आधी गर्डरला खालून टेकू द्यावा, मग एका वेळी एकच बोल्ट काढून त्याच भोकात नवा आवळावा, त्यानंतरच शेजारच्याला हात लावावा.